आजीचे औषध आणि आठ दिवसांचे अर्धायुष्य

पत्राचा सारांश : पत्र लिहिणाऱ्या भगिनी पुण्यात सिंहगड रस्त्यावर दोन शयनगृहांच्या सदनिकेत पती, साडेतीन वर्षांची मुलगी आणि एकसष्ट वर्षांच्या सासूबाई यांच्यासह राहतात. सासूबाईंची थायरॉईड ग्रंथी अतिक्रियाशील आहे. दीड वर्ष गोळ्या घेऊनही आजार आटोक्यात न आल्यामुळे डॉक्टरांनी किरणोत्सारी आयोडीनची दहा मिलिक्युरीची (मिलिक्युरी हे किरणोत्साराचे एक माप) एक मात्रा सुचवली आहे आणि ती घेऊन त्याच दिवशी घरी जाता येईल, असे सांगितले आहे. नात रोज रात्री आजीच्या कुशीत झोपते. सासूबाईंना सहा महिने सातारा जिल्ह्यातल्या गावी ठेवावे आणि त्यांची भांडी, अंथरूण टाकून द्यावे, असे जाऊबाईंचे म्हणणे आहे. या आयोडीनचे अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे संपायला लागणारा काळ, आठ दिवसांचे आहे म्हणजे सोळाव्या दिवशी सगळे संपते, असे पतीचे म्हणणे आहे. सासूबाईंनी आतापासूनच आपले ताट-वाटी वेगळे काढले आहे आणि ‘तुमच्या घरात मला विष आणायचे नाही’ असे म्हणून त्या उपचारालाच नकार देऊ लागल्या आहेत. घरी स्वयंपाकाला येणाऱ्या ताई पाच महिन्यांच्या गर्भवती आहेत. सासूबाईंना गावी पाठवावे की घरी ठेवावे, आणि कोणाला काय सांगावे, असे भगिनींनी विचारले आहे.

सस्नेह नमस्कार,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात मला मुलीची काळजी दिसली, आणि दुसऱ्या वाचनात ते वेगळे काढलेले ताट दिसले. या दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या आहेत असे मी मानतो, आणि म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. मी वैद्य नाही. मी तीस वर्षे महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले आहे. त्यामुळे हा उपचार घ्यावा की नाही हे मी सांगणार नाही, आणि पुढे मी जे दिवस किंवा आकडे सांगेन त्यांपेक्षा रुग्णालयाच्या कागदावर लिहिलेली मुदतच केव्हाही अंतिम समजावी. मात्र तुमच्या घरात ज्या तीन वेगवेगळ्या समजुती एकमेकींशी भांडत आहेत, त्या तिन्ही तपासून पाहण्यासारख्या आहेत, आणि तेवढे काम मी नक्की करू शकतो.

सुरुवात औषधापासून करू. आपण मिठातून जे आयोडीन खातो, त्याच्या अणुकेंद्रकात ५३ प्रोटॉन आणि ७४ न्यूट्रॉन असतात, आणि ते केंद्रक कायमचे स्थिर असते. सासूबाईंना जे आयोडीन-१३१ मिळणार आहे, त्यातही प्रोटॉन ५३ च असतात, पण न्यूट्रॉन मात्र ७८ असतात. पदार्थाचे रासायनिक वागणे प्रोटॉनच्या, आणि त्यामुळे इलेक्ट्रॉनच्या, संख्येवर ठरत असल्यामुळे थायरॉईड ग्रंथीला या दोहोंत काहीही फरक कळत नाही आणि ती दोन्ही सारख्याच ओढीने आत घेते. हीच या उपचाराची युक्ती आहे. ग्रंथीच्या आत शिरलेल्या या अणूंतील चार जादा न्यूट्रॉनांचे ओझे केंद्रकाला पेलवत नाही, आणि केव्हा ना केव्हा एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होऊन एक वेगवान इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. हाच बीटा कण होय. तो पेशींमधून सरासरी एक मिलिमीटरही जात नाही, फार तर दोन मिलिमीटर जातो, आणि तेवढ्याच जागेत आपली सगळी ऊर्जा टाकून अतिक्रियाशील पेशी निकामी करतो. केंद्रकात आता ५४ प्रोटॉन झाले, म्हणजे ते आयोडीन राहिले नाही. ते झेनॉन या निष्क्रिय आणि स्थिर वायूचे केंद्रक झाले. केंद्रकात उरलेली जादा ऊर्जा बहुतेक वेळा गॅमा किरणांच्या रूपाने बाहेर पडते, आणि गॅमा किरण मात्र शरीर ओलांडून खोलीत येतात. तुमच्या घरातल्या सगळ्या चर्चेचा विषय खरे तर एवढाच आहे : हे बाहेर येणारे गॅमा किरण, आणि ग्रंथीने न घेतलेले आयोडीन, जे लघवी, घाम आणि लाळ यांतून शरीराबाहेर पडते.

हे सगळे सासूबाईंना जरूर सांगा, कारण त्या ‘विष’ हा शब्द वापरत आहेत. दहा मिलिक्युरी मात्रेतल्या आयोडीन-१३१ चे वजन ग्रॅमच्या एक कोटीव्या भागापेक्षाही कमी असते, ते डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, आणि त्याचा प्रत्येक अणू आपले काम करून स्वतःच नाहीसा होतो. हे आयोडीन १९३८ साली अमेरिकेतील बर्कले येथे जॉन लिव्हिंगूड आणि ग्लेन सीबोर्ग या दोन शास्त्रज्ञांनी शोधले. किरणोत्सारी आयोडीनने थायरॉईडच्या रुग्णांवर उपचार करायला १९४१ साली बोस्टनमध्ये सॉल हर्ट्झ या डॉक्टरांनी सुरुवात केली. पुढे सीबोर्ग यांच्या स्वतःच्या आईवरही याच आयोडीनचा उपचार झाला. एका मुलाच्या हातून सापडलेली वस्तू त्याच्याच आईच्या कामी आली, ही हकिगत तुमच्या सासूबाईंना माझ्या आकड्यांपेक्षा अधिक धीर देईल, असे मला वाटते.

आता तुमच्या पतींच्या हिशेबाकडे येतो. शिक्षक म्हणून मी हा हिशेब दरवर्षी वर्गात ऐकत आलो आहे, आणि तो चुकीचा आहे. मी मुलांना शंभर नाणी देत असे. सगळी नाणी एकदम टेबलावर टाकायची, छापा पडलेली बाजूला काढायची, उरलेली मोजायची आणि पुन्हा टाकायची. पहिल्या फेरीत पन्नासच्या आसपास उरत, दुसरीत पंचविसाच्या आसपास, तिसरीत बारा-तेरा. दुसऱ्या फेरीनंतर एकही नाणे उरणार नाही, असे मात्र कधीच घडत नसे. मुलांना नेहमी आश्चर्य वाटे ते दुसऱ्याच गोष्टीचे. कोणते नाणे केव्हा बाद होणार हे कोणीही सांगू शकत नाही, आणि चार फेऱ्या टिकलेले नाणे पाचव्या फेरीत बाद होण्याची शक्यता पहिल्या फेरीइतकीच असते. ते नाणे ‘जुने’ झालेले नसते. अणुकेंद्रकांचेही अगदी असेच आहे. एकेकटे केंद्रक कोणत्या क्षणी फुटेल याला काही नियम नाही, पण केंद्रके अब्जावधी असल्यामुळे त्यांतली निम्मी किती काळात संपतील हे मात्र घड्याळाइतके पक्के असते. आयोडीन-१३१ साठी हा काळ, म्हणजेच त्याचे अर्धायुष्य, आठ दिवसांहून किंचित अधिक आहे. त्यामुळे सोळाव्या दिवशी शून्य उरत नाही, मूळ मात्रेचा चौथा हिस्सा उरतो. चोविसाव्या दिवशी आठवा हिस्सा, आणि ऐंशीव्या दिवशी हजारात एक भाग. प्रत्यक्षात घट याहून पुष्कळ लवकर होते, कारण ग्रंथीत न गेलेले आयोडीन पहिल्या दोन-तीन दिवसांतच लघवीवाटे निघून जाते आणि ग्रंथीतलेही हळूहळू बाहेर पडत राहते. सोळा दिवसांनी बरेचसे संपलेले असेल, हा पतींचा अंदाज म्हणूनच अगदी वाया गेलेला नाही. त्यांचे गणित चुकले आहे, एवढेच.

जाऊबाईंचा सहा महिन्यांचा आग्रहही याच गणिताने तपासू. दहा मिलिक्युरी म्हणजे दर सेकंदाला ३७ कोटी केंद्रकांचा ऱ्हास. शास्त्रज्ञ याला ३७ कोटी बेकरेल म्हणतात. १८९६ साली पॅरिसमध्ये युरेनियमच्या क्षारांनी काळ्या कागदात गुंडाळलेली छायाचित्रणाची काच काळी पडलेली ज्यांनी पाहिली, त्या आंरी बेकरेल यांचे हे नाव आहे. आकडा ऐकून छाती दडपते, हे मला माहीत आहे. सहा महिन्यांत साधारण साडेबावीस अर्धायुष्ये होतात. सासूबाईंच्या शरीरातून आयोडीनचा एक थेंबही बाहेर गेला नाही असे धरले, तरी तेव्हा मूळच्या पन्नास लाखांत एक भागही उरत नाही. म्हणजे सेकंदाला साठ-सत्तर केंद्रके. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. आपल्या प्रत्येकाच्या शरीरात अन्नातून आलेले पोटॅशियम असते आणि त्याचा अगदी अल्प भाग पोटॅशियम-४० या किरणोत्सारी प्रकारचा असतो, ज्याचे अर्धायुष्य १२५ कोटी वर्षांचे आहे. त्यापायी सुदृढ प्रौढ माणसाच्या शरीरात दर सेकंदाला तीन ते चार हजार केंद्रकांचा ऱ्हास जन्मभर चालू असतो. जाऊबाईंच्या शरीरातही तो आत्ता, या क्षणी चालू आहे. सहा महिन्यांनी सासूबाईंच्या अंगात उपचाराचे जे काही उरेल, ते त्यांच्या आणि आपल्या सर्वांच्या अंगभूत किरणोत्साराच्या पासंगालाही पुरणार नाही.

जाऊबाईंना कमी लेखण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांच्या भीतीला मूळ आहे. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या अणुभट्टीत अपघात झाला, तेव्हा बाहेर पडलेल्या पदार्थांत हेच आयोडीन-१३१ होते. ते गवतावर पडले, गवतातून गाईच्या दुधात आले आणि दुधातून मुलांच्या पोटात गेले. मुलांची थायरॉईड ग्रंथी लहान आणि वाढती असते, ती आयोडीन भराभर ओढते, आणि त्या भागातील पुष्कळ मुलांना पुढे थायरॉईडचा कर्करोग झाला. प्रश्न असा आहे की त्या हकिगतीतून आपण नेमके काय उचलायचे. मुलांना इजा झाली ती मुख्यतः पोटात गेलेल्या आयोडीनमुळे. म्हणून तुमच्या घरात सर्वांत कडक बंदोबस्त करायचा तो आयोडीन मुलीच्या पोटात जाणार नाही याचा. भिंतींचा किंवा भांड्यांचा नव्हे.

इथे एक फरक मनात पक्का करून घ्या, कारण तो पक्का झाला की निम्मी भांडणे मिटतात. किरण अंगावरून जाणे वेगळे आणि किरणोत्सारी पदार्थ अंगाला किंवा पोटात लागणे वेगळे. आपल्याकडचा हापूस आंबा २००७ पासून अमेरिकेला जाऊ लागला, तो नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या केंद्रात कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांखालून नेऊन, म्हणजे कोयीतली कीड मरावी म्हणून. ते किरण आंब्यातून आरपार जातात, पण आंबा किरणोत्सारी होत नाही. खाणाऱ्याच्या पोटात किरण जात नाहीत, आंबाच जातो. तसेच सासूबाईंच्या अंगातून आलेले गॅमा किरण पलंगावर, भिंतीवर, तुमच्या साडीवर पडले, तरी त्या वस्तू किरणोत्सारी होणार नाहीत. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही, तसे हे किरणही साठत नाहीत. खुद्द आयोडीन मात्र ज्या वस्तूला लागते तिथे असते, आणि ते लाळेतून, घामातून व लघवीतून लागते. ते धुतले की निघते, आणि न धुतले तरी आपल्या अर्धायुष्याप्रमाणे संपते. जंतूंसारखी त्याची वाढ होत नाही, उलट दर क्षणी ते कमीच होते. म्हणून भांडी टाकून देणे म्हणजे साप म्हणून भुई धोपटणे आहे. ताट-वाटी-पेला सांगितलेले दिवस वेगळा ठेवावा, वेगळा घासावा, आणि मुदत संपल्यावर तो पुन्हा मांडणीत ठेवावा.

आता मुलीकडे आणि अंतराकडे. इथे मी तुम्हाला ढोबळ हिशेब मांडून दाखवतो, कारण नुसते ‘लांब ठेवा’ म्हटले की कोणी दोन हात लांब समजतो आणि कोणी दोन जिल्हे. चुलीतला जाळ किती आहे हे एक माप आणि आपल्या हाताला लागणारी धग हे दुसरे. बेकरेल हे जाळाचे माप आहे, आणि सीव्हर्ट हे शरीराला लागलेल्या धगीचे (हजार मायक्रोसीव्हर्ट म्हणजे एक मिलिसीव्हर्ट). दहा मिलिक्युरी आयोडीन-१३१ पासून एक मीटरवर, पहिल्या दिवशी, तासाला सुमारे २० मायक्रोसीव्हर्ट लागतात; शरीरात काही किरण अडत असल्यामुळे प्रत्यक्षात थोडे कमीच. अंतर दुप्पट केले की ही धग निम्मी नव्हे, चौथाई होते. म्हणजे दोन मीटरवर तासाला ५. जमीन, आकाश, हवा आणि अन्न यांतून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट, म्हणजे रोज साडेसहा मायक्रोसीव्हर्ट नैसर्गिकरीत्या मिळतच असतात. याचा अर्थ असा की उपचाराच्या पहिल्या दिवशीसुद्धा नात दोन मीटरवर बसून आजीशी तासभर बोलली, तर तिला एका दिवसाच्या नैसर्गिक मात्रेपेक्षा कमी मात्रा मिळेल. पण तीच मुलगी त्या रात्री नेहमीप्रमाणे कुशीत, फुटभर अंतरावर झोपली, तर तिथे हाच आकडा तासाला दोनशेच्या वर जातो आणि आठ तासांच्या झोपेत दीड मिलिसीव्हर्टहून अधिक होतो. सर्वसामान्य माणसासाठी आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने घातलेली मर्यादा वर्षाला एक मिलिसीव्हर्टची आहे. ती एका रात्रीत ओलांडली जाईल. ती ओलांडली म्हणून मूल आजारी पडते असे नाही, कारण ही मर्यादा मुद्दाम धोक्याच्या फार अलीकडे आखलेली आहे; पण विनाकारण ओलांडण्यासारखीही ती नाही.

आता तुम्हीच पाहा, सासूबाईंना गावी पाठवून काय साधेल. तुम्हाला हवे आहे ते दिवसा एक-दोन मीटरचे अंतर आणि रात्री वेगळी खोली. ते तुमच्या सदनिकेत आहे, मधल्या भिंतीची भर पडते ती वेगळीच. उलट मात्रा घेतल्यावर लगेच त्यांना एसटीने साताऱ्याकडे पाठवले, तर शेजारच्या आसनावरची कोणी अनोळखी बाई, जी कदाचित गर्भवती असेल, अर्ध्या मीटरवर तीन तास बसेल. आपल्या घरातली मात्रा आपण परक्याच्या पदरात टाकणार का? आणि गावच्या घरात लहान मुले नसतीलच असे नाही, तिथे काय पाळायचे हे समजावणारे कोणी नसेल, आणि काही त्रास झाला तर डॉक्टर लांब. माझे मत स्पष्ट आहे : उपचार घ्यायचे ठरले, तर सासूबाईंनी घरीच राहावे. ज्यांच्या घरात एकच खोली आहे आणि तान्हे मूलही आहे, अशा वाचकांनी मात्र हे डॉक्टरांना आधीच सांगावे. तिथे मुलाला थोडे दिवस आजोळी ठेवणे हे रुग्णाला हलवण्यापेक्षा सोपे आणि सुरक्षित ठरते. बाळ आईच्या दुधावर असेल तर ते सर्वांत आधी सांगायचे. गर्भवती किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला हे आयोडीन दिलेच जात नाही.

घरातल्या व्यवस्थेचे सांगतो. सासूबाईंना शक्यतो संडास-बाथरूम असलेली खोली द्या. त्यांनी पहिले काही दिवस पाणी भरपूर प्यावे, लघवीला वरचेवर जावे, दर वेळी दोनदा पाणी सोडावे आणि हात साबणाने नीट धुवावेत. त्यांचे कपडे, टॉवेल, अंथरूण-पांघरूण त्या दिवसांत वेगळे धुवावे. त्यांनी स्वयंपाकात हात घालू नये, कणीक मळू नये, चव घेऊन पाहू नये. नातीच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा नियम आपल्या घरांतून पूर्वापार ठाऊक असलेलाच आहे, तो उष्ट्याचा. आजीच्या हातचा घास नको, तिच्या पेल्यातले पाणी नको, तिने चोखलेली आंब्याची कोय नको, गालाची पापीही नको. कुशीत झोपणे आणि मांडीवर बसणे लहान मुलांच्या बाबतीत साधारण दोन ते तीन आठवडे बंद ठेवायला सांगतात. तुमच्यासाठी नेमके किती दिवस, ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. तुम्ही आणि पती यांच्यासाठी हे दिवस बरेच कमी असतात. जेवायला सगळ्यांनी एकाच वेळी बसायला काही हरकत नाही, फक्त सासूबाईंचे पान मीटर-दोन मीटर अंतरावर मांडा. ‘रेडिएशन मीटर’ म्हणून ऑनलाइन मिळणारी यंत्रे घेऊ नका. त्यांतली पुष्कळशी विजेच्या उपकरणांभोवतीचे विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजतात, त्यांचा या किरणांशी संबंध नसतो. आणि यंत्र खरे असले तरी ते शून्य कधीच दाखवणार नाही. गणपतीच्या मिरवणुकीत पूर्वी ज्या गॅसबत्त्या असत, त्यांच्या मँटलच्या जाळीत थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य असे. तशी एक जुनी जाळी मी प्रयोगशाळेत किरण मोजणाऱ्या गायगर गणित्राखाली धरत असे. जाळी जवळ नेली की टक-टक-टक असा अनियमित आवाज वाढे, आणि हातभर लांब नेली तरी आवाज पूर्ण थांबत नसे, कारण उरलेली टकटक खोलीची, भिंतींची आणि आकाशाची असे. घरात काळजीत बसलेल्या माणसाला ती उरलेली टकटक भिववील, दुसरे काही साधणार नाही.

स्वयंपाकाच्या ताईंना सांगावे की नाही, असे तुम्ही विचारले आहे, आणि ‘सांगितले तर त्या काम सोडतील’ अशी भीतीही लिहिली आहे. सांगितलेच पाहिजे, आणि तेही उपचाराच्या आधी. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईला बंद दाराआडच्या खोलीतून लागणारी मात्रा अगदी थोडी असेल हे खरे आहे; पण पोटातल्या बाळाविषयीचा निर्णय त्यांचा आहे आणि तो माहितीशिवाय घेता येत नाही. मला विचाराल तर डॉक्टर सांगतील तेवढे दिवस त्यांना भरपगारी सुटी द्या. ते परवडण्यासारखे नसेल तर निदान सासूबाईंची भांडी, कपडे आणि बाथरूम यांतले एकही काम त्यांच्याकडे जाणार नाही, हे त्यांच्यासमोर ठरवा. सोसायटीत सूचना लावण्याची, शेजाऱ्यांना वा रखवालदाराला कळवण्याची मात्र काहीही गरज नाही. जिन्यात सासूबाईंशेजारून गेल्याने कोणाला काही होत नाही.

आता त्या ताटाविषयी. सासूबाईंच्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी तरुणपणी दर महिन्याला ‘बाजूला बसणे’ सोसले आहे. वेगळे ताट, वेगळी चटई, लांबून वाढलेले पाणी. तुम्ही पत्रात तसे काही लिहिलेले नाही, पण एकसष्ट वर्षांची बाई कोणी न सांगता आपले ताट वेगळे काढते, तेव्हा ती तो जुना धडा गिरवत असण्याची शक्यता मला वाटते. म्हणून वेगळे ताट कशासाठी आहे, कधीपासून आहे आणि कोणत्या तारखेला संपणार आहे, हे त्यांना तुम्ही आणि पतींनी समोर बसून सांगा. आज त्यांच्या अंगात औषधाचा कणही नाही. मग आज त्यांचे ताट वेगळे असण्याचे काहीच कारण नाही. ते आज रात्रीच्या जेवणाला परत पंगतीत घ्या.

उपचाराला त्यांचा नकार असेल, तर तो नकार कशाला आहे हेही नीट विचारा. त्यांना औषधाचीच भीती असेल किंवा इतर पर्याय पाहायचे असतील, तर तो त्यांचा हक्क आहे. गोळ्या पुढे चालू ठेवणे किंवा शस्त्रक्रिया करणे हे दोन मार्ग आहेत आणि प्रत्येकाची किंमत वेगळी आहे. किरणोत्सारी आयोडीनची किंमत अशी की त्यानंतर बहुतेकांची ग्रंथी मंदावते आणि थायरॉक्सिनची (थायरॉईडच्याच संप्रेरकाची) गोळी जन्मभर घ्यावी लागते. डोळ्यांचा त्रास असेल तर तो वाढूही शकतो, म्हणून तो आधी डॉक्टरांच्या कानावर घालावा लागतो. हे सगळे ऐकून त्यांनी ‘नको’ म्हटले, तर ते मान्य करा. पण केवळ तुमच्या घरावर संकट नको म्हणून त्या ‘नको’ म्हणत असतील, तर अनियमित ठोके आणि झिजणारी हाडे यांचे संकट त्या मुकाट्याने स्वतःवर घेत आहेत, आणि ते त्यांना घेऊ देऊ नका. अतिक्रियाशील थायरॉईड दुर्लक्षित ठेवले तर हृदय आणि हाडे दोन्ही खर्ची पडतात.

थोड्या लहान गोष्टी राहिल्या. मात्रा घेऊन घरी येताना रिक्षेत खेटून बसण्यापेक्षा मोटारीत मागच्या आसनावर, चालकाच्या विरुद्ध बाजूला, सासूबाईंना एकट्यांना बसवा, आणि त्या दिवशी मुलीला बरोबर नेऊ नका. रुग्णालयाकडून उपचाराचा दिनांक आणि मात्रा लिहिलेले पत्र घ्या आणि ते निदान तीन महिने त्यांच्या पिशवीत ठेवा, कारण विमानतळावरचे संवेदक अगदी अल्प किरणोत्सारही टिपतात आणि तिथे तोंडी खुलासा करण्यापेक्षा कागद दाखवणे सोपे जाते. त्या विभागाचा दूरध्वनी क्रमांक फ्रिजवर लावून ठेवा. सुरुवातीला उलटी झाली किंवा अंथरूण ओले झाले तर काय करायचे, हे त्यांनाच विचारा, माझ्यासारख्याला नको.

मुलीची तयारी मात्र आजपासून करा. आजीची कूस एका रात्रीत तुटली, तर साडेतीन वर्षांच्या मुलीला वाटेल की आजी रागावली. उपचाराच्या आठवडाभर आधीपासून तिची गादी तुमच्या खोलीत घाला, आणि आजीने दारात खुर्ची टाकून तिथूनच गोष्ट सांगायची, अशी सवय लावा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज एक चौकोन तिला रंगवू द्या. डॉक्टरांकडे जाल तेव्हा ती दिनदर्शिका बरोबर न्या, आणि शेवटच्या चौकोनावरची खूण त्यांच्याच हातून करून आणा.